ग्रामीण बँक मोठी झाली. कर्जाचा निर्णय आता कुठे होणार?

वाचकाचे पत्र

मी गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. आमच्या गटाचे खाते बऱ्याच वर्षांपासून ग्रामीण बँकेच्या शाखेत आहे. यापूर्वी घेतलेली कर्जे आम्ही मुदतीत फेडली. गटातल्या बायकांनी आता मिनी डाळ मिल टाकायचे ठरवले आहे आणि त्यासाठी सहा लाखांचे कर्ज हवे आहे. मध्यंतरी आमची बँक दुसऱ्या ग्रामीण बँकेशी एकत्र झाली. पाटी बदलली, नवे मॅनेजर आले. एवढ्या रकमेचे प्रकरण आता वरच्या कार्यालयात जाईल, असे त्यांनी सांगितले. माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. बँका मोठ्या झाल्याशिवाय देशाचा आर्थिक विकास होणार नाही, तुम्ही उगाच घाबरता, असे तो म्हणतो. गटातल्या काही जणींना वाटते की खातेच दुसऱ्या बँकेत न्यावे. देशाचा विकास आणि आमची डाळ मिल यांचा एकमेकांशी काय संबंध, ते आम्हाला उमगत नाही. खरे काय समजायचे आणि आम्ही काय करावे?

— एक वाचक भगिनी, विदर्भ

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातला खाते हलवण्याचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. गटाचे खाते हलवू नका. इतकी वर्षे नियमित बचत केल्याची आणि कर्ज वेळेवर फेडल्याची नोंद ही तुमच्या गटाची खरी मिळकत आहे आणि ती त्या शाखेच्या दप्तरी आहे. दुसऱ्या बँकेत गेलात तर काही महिने नुसती बचत दाखवून विश्वास मिळवण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि तोवर हंगाम हातचा जाईल. विलीनीकरणामुळे तुमची ठेव किंवा कर्जखाते धोक्यात येत नाही. प्रादेशिक ग्रामीण बँक कायदा १९७६ मधील कलम २३अ नुसार केंद्र सरकार अशा बँका एकत्र करते, तेव्हा जुन्या बँकेची सर्व येणी-देणी नव्या बँकेकडे जातात. म्हणून पैशाची काळजी करू नका. लक्ष द्यायला हवे ते नव्या मॅनेजरांच्या त्या एका वाक्याकडे, की प्रकरण आता वरच्या कार्यालयात जाईल. विलीनीकरणाचा देशाच्या विकासावर जो परिणाम होतो, तो बऱ्याच अंशी याच ठिकाणी ठरतो.

ग्रामीण बँका निघाल्या, त्या मुळात बँक लहान आणि जवळची असावी या विचाराने. १९६९ मध्ये चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शाखा खेड्यांत जाऊ लागल्या, तरी अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर आणि गावचे कारागीर यांच्यापर्यंत कर्ज पुरेसे पोचत नव्हते. शहरी व्यवहारात मुरलेला अधिकारी आणि शहरी वेतनश्रेणीचा खर्च यांच्या जोरावर खेड्यातली लहान लहान कर्जे चालवणे परवडत नव्हते. एम. नरसिंहम यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने १९७५ मध्ये वेगळ्या प्रकारच्या बँकेची शिफारस केली. सहकारी संस्थांना गावाची जी जाण असते ती आणि व्यापारी बँकांची शिस्त, अशा दोन्ही गोष्टी तिच्यात असाव्यात, ही त्यामागची कल्पना होती. २ ऑक्टोबर १९७५ रोजी पहिल्या पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या. भागभांडवलात केंद्र सरकारचा वाटा ५० टक्के, राज्य सरकारचा १५ टक्के आणि प्रायोजक बँकेचा, म्हणजे तिला पाठबळ देणाऱ्या मोठ्या व्यापारी बँकेचा, ३५ टक्के ठरला. एकेका बँकेकडे थोडेच जिल्हे असत आणि अशा बँकांची संख्या वाढत वाढत १९६ झाली.

त्यानंतर २००५ पासून प्रवासाची दिशा बदलली. विलीनीकरणाच्या पहिल्या टप्प्यात १९६ बँकांच्या ८२ झाल्या, दुसऱ्यात ५६ आणि तिसऱ्यात ४३. चौथ्या टप्प्यात ‘एक राज्य, एक ग्रामीण बँक’ या धोरणानुसार १ मे २०२५ पासून देशात २८ ग्रामीण बँका उरल्या. महाराष्ट्रात विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक यांची मिळून एकच महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली असून तिचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि बँक ऑफ महाराष्ट्र ही तिची प्रायोजक बँक आहे. या २८ बँकांच्या २२ हजारांहून अधिक शाखा आहेत आणि त्यांतल्या दहापैकी नऊ शाखा ग्रामीण व निमशहरी भागांत आहेत. म्हणजे हा विषय एखाद्या आडवळणाच्या लहान संस्थेचा नाही. देशाच्या ग्रामीण पतपुरवठ्याचा एक मुख्य खांब यात हलवला गेला आहे.

तुमच्या भाच्याच्या म्हणण्याला आधार आहे, तो आधी सांगतो. दोन-तीन लगतच्या जिल्ह्यांपुरत्या असलेल्या बँकेचे बहुतेक कर्जदार त्याच पावसावर आणि त्याच पिकावर जगतात. एका वर्षी पाऊस दगा देतो, कापूस आणि सोयाबीन दोन्ही जातात आणि सगळी खाती एकाच वेळी थकतात. ज्या वर्षी शेतकऱ्याला नव्या कर्जाची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच वर्षी अशा बँकेचा हात आखडतो. राज्यभर पसरलेल्या बँकेचे तसे होत नाही. मराठवाड्यात खरीप गेला तरी कोकणातला आंबा-काजूचा व्यवहार किंवा ओलिताखालच्या पट्ट्यातली बागायत चालू असते, तिथले हप्ते येत राहतात आणि त्या बळावर बँक मराठवाड्यातल्या कर्जांचे पुनर्गठन करून, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने बांधून, शेतकऱ्याला पुन्हा उभे राहायला अवधी देऊ शकते. माझ्या मते विलीनीकरणाच्या बाजूने सांगण्यासारखा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पावसाचा लहरीपणा ज्या देशात कोट्यवधी कुटुंबांचे उत्पन्न ठरवतो, तिथे तो फार मोलाचाही आहे.

दुसरा फायदा खर्चाचा. संगणक प्रणाली, मोबाइल बँकिंग, सायबर सुरक्षा, लेखापरीक्षण हा सगळा डोलारा लहान बँकेलाही उभारावाच लागतो आणि तो प्रत्येकीने वेगळा उभारण्यापेक्षा एकत्र उभारला तर दर कर्जामागचा खर्च कमी होतो. तिसरा मुद्दा सरकारी तिजोरीचा. ग्रामीण बँक बुडू लागली की तिचे मालक, म्हणजे केंद्र, राज्य आणि प्रायोजक बँक, यांनाच भांडवल घालावे लागते. २०१९-२० मध्ये देशातल्या सर्व ग्रामीण बँकांचा मिळून २,२०८ कोटी रुपयांचा तोटा होता. त्यानंतर २०२१-२२ आणि २०२२-२३ या दोन वर्षांसाठी १०,८९० कोटी रुपयांचे नवे भांडवल मंजूर झाले. २०२३-२४ मध्ये याच बँकांनी ७,५७१ कोटी रुपयांचा, तोवरचा सर्वाधिक नफा कमावला आणि त्यांच्या ढोबळ एनपीएचे, म्हणजे थकलेल्या कर्जांचे, प्रमाण दहा वर्षांतल्या सर्वांत खालच्या पातळीवर, ६.१ टक्क्यांवर आले.

हे आकडे विलीनीकरणाच्या समर्थनासाठी वारंवार दिले जातात, म्हणून त्यांच्याकडे जरा बारकाईने पाहायला हवे. तिसरा टप्पा २०२०-२१ मध्ये संपला आणि त्यानंतर मे २०२५ पर्यंत बँकांची संख्या ४३ च राहिली. तोट्यातून विक्रमी नफ्याकडे जाण्याचा हा प्रवास त्या ४३ बँकांनीच केला. तिसऱ्या टप्प्याचे लाभ त्यात उतरले असतील हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की, नव्या भांडवलाचा आणि त्यासोबत आलेल्या सुधारणांच्या बंधनांचा त्यात मोठा वाटा होता. केवळ आकार वाढवला की बँक सुधारते, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. बँकेची प्रकृती सुधारणे आणि देशाचा विकास होणे या दोन गोष्टींमध्ये एक पायरी आहे, आणि ती म्हणजे कर्ज प्रत्यक्षात कोणाला मिळते. तुमच्या डाळ मिलचा देशाशी काय संबंध, असे तुम्ही विचारले आहे. तो संबंध अगदी सरळ आहे. आज गावातली तूर अडत्याकडे जाते, मोठ्या गावातल्या मिलमध्ये तिची डाळ होते आणि तीच डाळ तुम्ही दुकानातून विकत घेता. तूर आणि डाळ यांच्या भावातला फरक, भरडण्याची मजुरी, चुरी आणि टरफलाचे पशुखाद्य हे सर्व गावाबाहेर राहते. उन्हाळ्यात, शेतात काम नसताना, गटातल्या बायकांचे हात रिकामे असतात. गावात डाळ मिल चालली तर तेच हात आणि तीच तूर यांतून नवे उत्पन्न तयार होते. राष्ट्रीय उत्पन्न नावाची जी मोठी संख्या वर्तमानपत्रांत येते, ती अशा असंख्य लहान उत्पन्नांची बेरीज असते. तुमच्या गटाला कर्ज मिळाले तर त्या बेरजेत भर पडते. बँकेचा ताळेबंद कितीही देखणा झाला आणि गटाचे प्रकरण पडून राहिले, तर तुमच्या गावापुरती तरी ती भर पडत नाही.

शाखा गावाजवळ आल्याने काय घडते, याचा भारतातच मोठा पुरावा आहे. १९७७ ते १९९० या काळात रिझर्व्ह बँकेचा नियम होता की, जिथे आधीपासून बँका आहेत अशा ठिकाणी एक शाखा उघडायची तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडाव्या लागतील. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी या काळाचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला आणि या शाखाविस्तारामुळे ग्रामीण दारिद्र्य घटल्याचे दाखवून दिले. त्याच काळात कर्जे थकण्याचे प्रमाणही मोठे होते, हे विसरता येत नाही आणि पुढच्या सुधारणा त्यातूनच आल्या. पण जवळच्या बँकेचा गरिबाला उपयोग होतो, हा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही.

इथे भारतातल्या ग्रामीण बँकांच्या विलीनीकरणाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. शहरात दोन बँका एकत्र होतात तेव्हा एकाच रस्त्यावर दोघींच्या शाखा असतात, त्यांतली एक बंद होते आणि ग्राहकाचा एक पर्याय कमी होतो. अमेरिकेत मोठ्या बँकांच्या विलीनीकरणानंतर ज्या वस्त्यांतल्या शाखा बंद झाल्या, तिथल्या लहान उद्योगांची कर्जे घटली आणि नंतरही बराच काळ सावरली नाहीत, असे संशोधनात दिसले आहे. आपल्या ग्रामीण बँकांचे जिल्हे मात्र वेगवेगळे होते. महाराष्ट्रात एकीकडे मराठवाडा आणि आसपासचा भाग, तर दुसरीकडे विदर्भ, कोकण आणि काही इतर जिल्हे अशी वाटणी होती. त्यामुळे तुमच्या गावातली शाखा केवळ दुसरीशी टक्कर होते म्हणून बंद करण्याचे कारण नाही आणि गावातले बँकांचे पर्यायही कमी झालेले नाहीत. पाटी बदलली, इमारत तीच राहिली. धोका आहे तो कर्जमंजुरीचा अधिकार त्या इमारतीतून उठून वर जाण्याचा.

हा अधिकार जागा बदलतो तेव्हा नेमके काय हरवते? बचत गटाचे प्रकरण शाखेत येते, तेव्हा हजेरीचे आणि ठरावांचे रजिस्टर, बचतीची व अंतर्गत कर्जाची वही, खात्याचा उतारा आणि पंचसूत्रीनुसार (नियमित सभा, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब) केलेली प्रतवारी समोर असते. अनुभवी शाखाधिकारी आधी रजिस्टर उघडतो आणि सह्या पाहतो. दर सभेला वेगळ्या पेनाने, कुठे घाईत, कुठे अंगठ्याने, अशा सह्या झाल्या आहेत की वर्षभराच्या सभा एकाच बैठकीत लिहून काढल्या आहेत, हे त्याला पानावरून कळते. मग तो कर्जाची वही चाळतो. जूनमध्ये बियाणे आणि शाळेच्या खर्चासाठी उचल वाढलेली दिसते का, सोयाबीन निघाल्यावर परतफेड वाढते का, हे तो शोधतो, कारण खऱ्या गटाच्या वहीत गावाचे सबंध वर्ष उमटलेले असते. एका सदस्येचे आजारपणात दोन हप्ते चुकले आणि बाकीच्यांनी ते भरून काढले, अशी नोंद सापडली तर जाणकार अधिकारी तिला उणीव मानत नाही. हा गट अडचणीत फुटत नाही, याचा तो पुरावा असतो. शिवाय बँक सखीशी, म्हणजे शाखेत बचत गटांची कामे पाहणाऱ्या महिलेशी, पाच मिनिटे बोलले की गटातला कोणता निर्णय खरोखर सर्वांचा आहे आणि कोणता एकीनेच रेटला आहे, हेही त्याच्या लक्षात येते.

यांतले फार थोडे अर्जाच्या छापील नमुन्यात मावते. क्षेत्रीय कार्यालयातल्या अधिकाऱ्यासमोर यंत्राचे कोटेशन, प्रकल्प अहवाल आणि सदस्यांचे सिबिल अहवाल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीच्या नोंदी, एवढेच पोचतात. अनेक जणींच्या नावावर आधीची नोंदच नसते, किंवा असलीच तर एखाद्या मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जाची असते. त्याने गट पाहिलेला नसतो, गाव पाहिलेले नसते आणि कर्ज थकले तर सही त्याची असते. मग तो त्रुटी काढून प्रकरण परत पाठवतो, शाखा पूर्तता करून पुन्हा वर पाठवते आणि यात आठवडे जातात. तो माणूस वाईट असतो असे मुळीच नाही. मंजूर केलेले कर्ज बुडाले तर चौकशी होते, नाकारलेल्या चांगल्या प्रकरणाची चौकशी कोणी करत नाही, आणि अशा व्यवस्थेत सावध राहणे कोणालाही शहाणपणाचेच वाटेल. म्हणूनच बँक मोठी करताना शाखेचे मंजुरीचे अधिकार टिकवणे, किंबहुना वाढवणे, हे मुद्दाम करावे लागते. आपोआप होते ते उलटे. तोवर गरज थांबत नसल्याने बायका मायक्रोफायनान्सकडे वळतात, वर्षाला वीस टक्क्यांहून जास्त व्याज देतात आणि धंद्यातला नफा हप्त्यात जातो.

आणखी एक बाब आहे, जिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, पण राष्ट्रीय विकासाच्या दृष्टीने मला ती सर्वांत गंभीर वाटते. ग्रामीण बँकेने आपल्या एकूण कर्जांपैकी ७५ टक्के कर्जे शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक अशा प्राधान्य क्षेत्रांना दिली पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. हा दंडक संपूर्ण बँकेला लागू होतो, जिल्ह्याला नाही. बँक चार जिल्ह्यांची होती तेव्हा तिला ते उद्दिष्ट त्या चार जिल्ह्यांतच गाठावे लागे. राज्यभराच्या बँकेला ते जिथे सोपे असेल तिथे गाठता येते: ओलिताखालच्या तालुक्यांत, साखर कारखान्यांच्या परिसरात, वाढत्या शहरांच्या कडेला. मागास जिल्ह्यातल्या ठेवी गोळा व्हाव्यात आणि कर्जे पुढारलेल्या जिल्ह्यात वाटली जावीत, तरी कागदावर बँक निर्दोष ठरते. व्यापारी बँकांबाबत रिझर्व्ह बँकेने यावर एक उपाय योजला आहे. जिथे प्राधान्य क्षेत्राचे दरडोई कर्ज कमी आहे अशा जिल्ह्यांतले वाढीव कर्ज उद्दिष्टाच्या हिशेबात १२५ टक्के धरायचे आणि जिथे ते भरपूर आहे तिथले ९० टक्के धरायचे. २०२० च्या निर्देशांत ग्रामीण बँकांना या हिशेबातून वगळले होते आणि त्यांचे मर्यादित कार्यक्षेत्र हे त्याचे एक कारण दिले होते. एका बँकेचे कार्यक्षेत्र आता अख्खे राज्य झाले आहे. त्या सवलतीचा आधारच त्यामुळे डळमळला आहे. हा हिशेब राज्यव्यापी ग्रामीण बँकांनाही लागू व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून भाच्याला एक काम सांगा. तो अभ्यासू दिसतो, त्याच्याकडून हे उत्तम होईल. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला बँकांच्या ठेवी आणि कर्जे यांचे जिल्हावार आकडे प्रसिद्ध करते आणि राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या कागदपत्रांत बँकनिहाय आकडेही मिळतात. तुमच्या जिल्ह्यात जमा झालेल्या शंभर रुपयांच्या ठेवींमागे किती रुपयांचे कर्ज जिल्ह्यात दिले गेले, हे त्याने विलीनीकरणापूर्वीच्या आणि नंतरच्या तिमाहींसाठी काढावे. बँकेची माणसे यालाच सीडी रेशो म्हणतात. ज्या जिल्ह्यात तो ४० टक्क्यांच्या खाली आहे, तिथे जिल्हास्तरीय समितीची विशेष उपसमिती नेमून तो वाढवण्याची योजना करावी, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाच्या शिफारशींतून १९६९ मध्ये आलेली अग्रणी बँक योजना यासाठीच आहे, की जिल्ह्याच्या पतपुरवठ्याला कोणीतरी जिल्ह्याच्या पातळीवर जबाबदार असावे. तुमच्या प्रभागसंघाच्या, म्हणजे परिसरातल्या गटांच्या संघाच्या, प्रतिनिधींमार्फत हे आकडे तालुकास्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मांडता येतील. एकट्या गटाने जाऊन विचारण्यापेक्षा प्रभागसंघाने आकडे हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाला वेगळे वजन असते.

आता तुमच्या प्रकरणाविषयी. बचत गटांच्या महिलांसाठी असलेल्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे की, गटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, मार्जिन (गटाने स्वतः घालायची रक्कम) मागू नये, गटाच्या बचत खात्यावर बोजा ठेवू नये आणि ठेव ठेवण्याचा आग्रह धरू नये. तुमची मागणी या मर्यादेत बसते. कोणी मुदतठेव करायला सांगितली तर नम्रपणे या सूचनेची आठवण करून द्या. शाखाधिकाऱ्यांना भेटून दोन गोष्टी विचारा: गटाच्या कर्जासाठी त्यांचा स्वतःचा मंजुरीचा अधिकार सध्या किती रुपयांपर्यंत आहे, आणि त्यावरचे प्रकरण कोणत्या कार्यालयात, किती दिवसांत निकाली निघते. नवी व्यवस्था बसत असताना त्यांनाही कदाचित हे विचारून सांगावे लागेल. सांगू द्या. त्यांच्याशी भांडण नको, कारण तुमच्या बाजूची शिफारस तेच लिहिणार आहेत. ती शिफारस ठोस व्हावी म्हणून त्यांना गटाच्या सभेला बोलवा, रजिस्टरे तिथेच दाखवा आणि गावात तूर किती होते, भरडाई आज कोण किती दराने करते, याची माहिती प्रकल्प अहवालाला जोडा. वरच्या कार्यालयात तुम्ही स्वतः पोचणार नाही, म्हणून तुमची जितकी माहिती कागदावर उतरेल तितकी उतरवा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल घेणार असाल, तर कोटेशनसोबत तिची क्षमता आणि वीजजोडाची गरज लिहून घ्या. वीजजोडाचा खर्च प्रकल्प अहवालात विसरला जातो आणि मग त्यावरूनच त्रुटी निघते.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के अनुदान असते. योजनेची सध्याची मुदत आणि गटांसाठीच्या अटी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्या. हे अनुदान कर्जाशी जोडलेले आहे, म्हणजे बँकेची मंजुरी झाल्याशिवाय ते मिळत नाही, हे आधीच ध्यानात ठेवा. सरकारने अर्थसंकल्पात केलेली तरतूदसुद्धा शेवटी शाखेच्या टेबलावर येऊन थांबते किंवा पुढे सरकते.

अर्ज दिल्यावर तारीख घातलेली पोच घ्या. त्रुटी सांगितल्या तर त्या एकदाच आणि लेखी मागा. कर्ज नाकारले तर मुख्य कारण लेखी कळवणे हे बँकेवर बंधनकारक आहे, मग रक्कम कितीही असो. उत्तरच मिळत नसेल, तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मात्र कर्ज द्यावे की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असल्याने लोकपाल कर्ज मंजूर करायला लावू शकत नाही. दिरंगाई, कारण न सांगणे, बेकायदा ठेव मागणे अशा सेवेतल्या त्रुटींवरच तिथे दाद मिळते. एवढे समजून गेलात तर निराशा होणार नाही.

शाखेत गेलात की आयएफएससी संकेतांक बदलला आहे का, तेही विचारा. बदलला असेल तर गटाच्या खात्यात रक्कम पाठवणाऱ्या खरेदीदारांना नवा संकेतांक कळवा आणि जुने चेकबुक कधीपर्यंत चालेल ते विचारून घ्या. आधारशी जोडलेल्या खात्यात सदस्यांचे जे सरकारी पैसे जमा होतात, त्यांना या बदलाने सहसा अडथळा येत नाही.

शेवटी वेळेचा हिशेब. तुमच्याकडे तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते आणि भरडाईचे खरे काम त्यानंतर मेअखेरपर्यंत चालते. मंजुरी, यंत्राची ऑर्डर, जोडणी आणि वीज यांना लागणारे महिने मागे मोजत गेलात तर अर्ज दसरा-दिवाळीच्या दरम्यान शाखेत पडलेला हवा. प्रकरण वर जाणार असल्याने त्यात एक महिना आणखी धरा. म्हणजे गटाचा ठराव, रजिस्टरांची प्रत आणि कोटेशन ही तयारी गणपतीच्या सुमारास पूर्ण करा आणि अर्ज नवरात्रापूर्वी द्या.